वृद्ध स्त्रिया आणि व्यायाम : निषेधाचा अर्थ व मात्रेचा विचार

गुडघ्यावर हात ठेवून, मुलीच्या किंवा सुनेच्या आधाराने येणारी पासष्टीची रुग्णा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. आपण तिची नाडी व कोष्ठ पाहतो, गुग्गुळकल्प लिहून देतो, स्थानिक स्नेहन-स्वेदन सांगतो आणि पथ्यापथ्य समजावतो. उठता उठता ती विचारते, "डॉक्टर, मी चालू की बसून राहू?" आणि बाहेर खोळंबलेल्या रुग्णांकडे पाहत आपण सांगून टाकतो, "आता वय झालं आजी, गुडघ्यांना विश्रांती द्या."

हे वाक्य आपण चिठ्ठीवर लिहीत नाही; परंतु तेही एक औषधच आहे आणि रुग्णा ते इतर सर्व औषधांपेक्षा अधिक निष्ठेने घेते. सहा महिन्यांनी ती परत येते तेव्हा वेदना थोडी कमी झालेली असते; पण मांडी बारीक झालेली असते, खुर्चीतून उठताना हातांचा रेटा द्यावा लागतो, जिना बंद झालेला असतो, आणि एखाद्या पहाटे न्हाणीघरात पाय घसरण्याची पूर्वतयारी शरीरात पूर्ण झालेली असते. वृद्ध स्त्रीला विश्रांती सांगणे सुरक्षित असते, ही आपली समजूत शास्त्र व अनुभव या दोहोंच्या कसोटीवर तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निषेध कोणत्या व्यायामाचा?

या प्रश्नाला थेट भिडले पाहिजे, कारण शास्त्रात वृद्धांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, हे आपणांपैकी प्रत्येकाला पाठ आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांनी व्यायाम टाळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. हे वचन नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याची व्याप्ती पाहिली पाहिजे.

त्याच ठिकाणी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने, आणि अन्य काळी त्याहून मंद व्यायाम करावा, असे सांगितले आहे. म्हणजे संदर्भ बलवानाच्या व्यायामाचा आहे. अर्धशक्तीची जी लक्षणे ग्रंथांत येतात, ती अशी : श्वास मुखावाटे वाहू लागणे, ललाट, नासा, कक्षा व संधिस्थानी घाम येणे, मुखशोष होणे. इतक्या श्रमाचा व्यायाम क्षीण वृद्धाने करू नये, हे आजचा कोणताही चिकित्सकही मान्य करील.

आता सुश्रुताचार्यांकडे पाहू. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायामाच्या गुणांमध्ये, व्यायाम करणाऱ्यावर जरा एकाएकी आक्रमण करीत नाही, असे फल सांगितले आहे. व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांचा विचार करावा, अशीही आज्ञा आहे. त्याच अध्यायात चंक्रमणाचा स्वतंत्र उल्लेख येतो : देहाला फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे आणि इंद्रियांना जागविणारे आहे. या चंक्रमणाला वृद्धाचा अपवाद तेथे सांगितलेला नाही.

'वृद्ध' कोणाला म्हणावे, याविषयीही तारतम्य हवे. चरकाचार्यांनी साठीनंतरचे वय जीर्ण मानले, सुश्रुताचार्यांनी सत्तरीनंतरचे. सुश्रुतांचे वृद्धवर्णन तर केवळ वर्षांचे नाही; धातू, इंद्रिये, बल व उत्साह दिवसेंदिवस क्षीण होत चाललेल्या, सर्व क्रियांत असमर्थ झालेल्या व्यक्तीचे ते वर्णन आहे. नातवंडांना शाळेत सोडून बाजारहाट करून येणारी त्रेसष्ट वर्षांची स्त्री या वर्णनात बसत नाही. तिला वयाचा दाखला देऊन खुर्चीत बसविले, तर ती त्या वर्णनाकडे लवकर सरकू लागते. सारांश, निषेध अतिमात्रेचा आहे. आणि मात्रा ठरविणे हे तर वैद्याचेच काम आहे.

स्त्रीशरीरातील विशेष

वार्धक्य हा वाताचा काळ आणि अस्थी हे वाताचे आश्रयस्थान. वात वाढला की अस्थी क्षीण होतात, हे आश्रयाश्रयीभावाचे सूत्र आपण जाणतोच. स्त्रियांमध्ये या सूत्राचा प्रत्यय अधिक तीव्रतेने येतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत अस्थिक्षय विशेष वेगाने होतो. पन्नाशीनंतर मांसधातूही दरवर्षी सुमारे १ टक्का घटतो आणि बळ तर त्याहून वेगाने ओसरते. उठणे, बसणे, चढणे आणि तोल सावरणे ही मांड्या व नितंबांच्या स्नायूंची कामे आहेत; म्हणून या ठिकाणचा क्षय प्रथम दैनंदिन व्यवहारात दिसतो.

अस्थी ठिसूळ असणे आणि पडणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की खुब्याचे हाड मोडते. जगभरच्या पाहण्यांत पासष्टीपुढील सुमारे एक तृतीयांश व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात, असे आढळते. कॅल्शियमची गोळी किंवा अस्थिपोषक कल्प अस्थींकडे पाहतो. तोल जाऊ नये याची व्यवस्था तो करीत नाही. ती व्यवस्था केवळ स्नायूंच्या व तोलाच्या अभ्यासाने होते.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लक्ष होत्या आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीतील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भागात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील १४,२२७ प्रौढांची माहिती होती. त्यांतील ५४.४ टक्के व्यक्ती शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय होत्या. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून अधिक होते.

अभ्यासांचे निष्कर्ष

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या विषयाशी सर्वांत निकटचा आहे. त्यात ८० वर्षे व त्यापुढील २३३ स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांना पायांच्या बळाचे व तोलाचे व्यायाम घरी येऊन शिकविण्यात आले. एका वर्षात व्यायाम करणाऱ्या गटात ८८ वेळा आणि दुसऱ्या गटात १५२ वेळा पडण्याच्या घटना घडल्या. ऐंशीनंतरही शरीर शिकते, हा यातला मोठा बोध आहे.

बोस्टन येथील एका वृद्धसेवालयात १०० निवासींवर झालेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते आणि बहुसंख्य स्त्रिया होत्या. १० आठवड्यांच्या भारयुक्त व्यायामाने स्नायूंचे बळ सरासरी दुपटीहून अधिक झाले. चालण्याची गती व जिना चढण्याची शक्तीही वाढली.

अमेरिकेतील आठ केंद्रांत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ व्यक्तींवर सरासरी २.६ वर्षे चाललेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने केंद्रावर एकत्र येऊन व घरी नियमित व्यायाम केला, दुसऱ्याला आरोग्यशिक्षण मिळाले. सुमारे ४०० मीटर अंतर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३०.१ टक्के व दुसऱ्यात ३५.५ टक्के होते. फरक डोळे दिपविणारा नाही, पण जिची चालण्याची क्षमता टिकली तिच्या दृष्टीने तो संपूर्ण आहे. याच अभ्यासात बुद्धी व स्मृती यांवर मात्र व्यायामाचा वेगळा लाभ आढळला नाही. आपण रुग्णेला आश्वासन देताना हेही ध्यानात ठेवावे.

२०१९ साली १०८ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून, आपापल्या घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निघाला. अस्थींविषयी ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत अस्थिघनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया होत्या. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ३० मिनिटे, देखरेखीखाली जड भार उचलणाऱ्या गटात आठ महिन्यांत कटिकशेरूंची घनता २.९ टक्के वाढली; हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्के घटली. हा प्रयोग प्रशिक्षकाच्या नजरेखाली झाला होता, हे विसरून त्याचे घरी अनुकरण करू नये.

मनाविषयी एक दाखला पुरेसा आहे. नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात ५० वर्षांवरील, विषादाने पीडित १५६ व्यक्तींवर झालेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ आठवड्यांअंती आठवड्यातून तीनदा केलेला सामूहिक व्यायाम औषधाइतकाच उपयोगी ठरला. अर्थात चालू असलेले औषध रुग्णेने आपल्या मनाने बंद करू नये.

घरकाम पुरेसे का नाही?

"दिवसभर घरात राबते, आणखी व्यायाम कशाला?" हा प्रश्न रुग्णा विचारते आणि त्यात तथ्यही आहे. जाते, उखळ, विहीर यांच्या काळात हा प्रश्न योग्यच होता. आज दळण गिरणीत जाते व वाटण यंत्रात होते. उरलेले काम बहुधा ओट्यापाशी उभे राहून, मान वाकवून, त्याच त्या स्नायूंनी केलेले असते. त्यात थकवा आहे, परंतु बळ वाढविणारा क्रमाक्रमाने वाढता भार नाही, तोलाचा अभ्यास नाही आणि दम लागेल इतकी सलग हालचालही नाही.

नुसते चालणेही पूर्ण उत्तर नव्हे. इंग्लंडमध्ये हाताचे हाड नुकतेच मोडलेल्या स्त्रियांना झपझप चालण्यास सांगितले असता त्यांच्या पडण्याचे प्रमाण वाढल्याचे १९९७ सालच्या एका अभ्यासात दिसले. ज्या स्त्रीचे पाय दुर्बल व तोल अनिश्चित आहे, तिने प्रथम बळ व तोल मिळवावा आणि मग वेग वाढवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीसोबत दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम, आणि पासष्टीपुढील व्यक्तींसाठी तीन दिवस तोल व बळ यांचा मिश्र व्यायाम सांगितला आहे.

संघटित वर्गाची आवश्यकता येथेच उत्पन्न होते. एकटीने सुरू केलेला व्यायाम पाहुण्यांच्या आगमनाने, सणाने, नातवाच्या तापाने मोडतो आणि पुन्हा सुरू होत नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा व वाट पाहणाऱ्या मैत्रिणी असल्या की खंड पडत नाही. शिवाय घरातील मंडळीही "आईची वर्गाची वेळ झाली" असे म्हणू लागतात; ज्या स्त्रीला आयुष्यभर स्वतःची अशी वेळच मिळाली नाही, तिच्या बाबतीत हे लहान नव्हे. समूहाचे बळ आपल्या परंपरेला नवे नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या वृद्धा आपण दरवर्षी पाहतो. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्यांतही तोल, ताल आणि दम यांचा अभ्यास होताच. उणीव आहे ती सातत्याची; कारण वारी वर्षातून एकदा येते आणि मांसधातू मात्र आठवड्याचा हिशेब मागतो.

व्यायामापूर्वी परीक्षण

पुढील तीन परीक्षणे कोणत्याही चिकित्सालयात पाच मिनिटांत होतात. रुग्णेजवळ एक व्यक्ती उभी ठेवावी.

१. हात छातीवर दुमडून, साधारण १७ इंच उंचीच्या खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते, ते मोजावे. ६५ ते ६९ वयात ११ पेक्षा, ७० ते ७९ वयात १० पेक्षा आणि ८० ते ८४ वयात ९ पेक्षा कमी संख्या आल्यास पडण्याचा धोका समजावा. हाताचा आधार घ्यावाच लागला तर संख्या शून्य धरावी.

२. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाणे, वळणे, परत येऊन बसणे. यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास धोका आहे.

३. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद उभे राहता न येणे, हेही धोक्याचे लक्षण होय.

यासोबत रक्तदाब बसून व उभे राहून पाहावा. श्रमाने छातीत दुखणे, अकारण मूर्च्छा, अनियंत्रित रक्तदाब, नुकताच झालेला अस्थिभंग किंवा संधीला लाली व उष्णतेसह सूज असल्यास वर्ग थांबवावा आणि आवश्यक तेथे तज्ज्ञाकडे पाठवावे. दृष्टी तपासण्यास सांगावे. मोतीबिंदूमुळे पायरी न दिसणारी रुग्णा कितीही व्यायामाने सुरक्षित होणार नाही.

आणखी एक प्रश्न आपण होऊन, एकांतात विचारावा. खोकताना वा उठताना मूत्र निसटते म्हणून अनेक स्त्रिया वर्गाला येणे टाळतात आणि कारण गुडघ्यांचे सांगतात. श्रोणितलाच्या स्नायूंचे आकुंचन-प्रसरण नियमाने शिकविल्यास यात बहुधा सुधारणा होते. अंग बाहेर येत असल्यास प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

वर्गाची रूपरेषा

बारा-पंधरा स्त्रिया, मंदिराचा सभामंडप अथवा ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, हात नसलेल्या भक्कम खुर्च्या आणि एक भिंत, इतकी सामग्री पुरते. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ४५ मिनिटे ते एक तास वेळ ठरवावा.

आरंभीची दहा मिनिटे जागच्या जागी चालणे व सांधे मोकळे करणे. नंतर बळाचे व्यायाम : खुर्चीतून उठणे-बसणे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, मग चवडे उचलणे, पाय बाजूला नेणे, बसून गुडघा सरळ करणे, भिंतीला हात टेकून अंग रेटणे. प्रत्येक क्रिया आठ-दहा वेळा करावी. सहज जमू लागल्यावर घोट्याला अर्धा किलो वाळूची कापडी पिशवी बांधावी आणि भार क्रमाने वाढवावा. भार न वाढविता वर्षभर तेच करीत राहिल्यास लाभ थांबतो. त्यानंतर तोलाचे व्यायाम : एका रेषेत चालणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, मागे चालणे. शेवटी दीर्घ श्वसन व शांत बसणे. इतर दिवशी चंक्रमण असावे.

मात्रा ओळखण्याचा सोपा उपाय असा : व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. क्षीण रुग्णेची मर्यादा याच्याही अलीकडे ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकणारी वेदना ही मात्रा अधिक झाल्याची खूण समजावी. गुडघ्याच्या संधिवातात व्यायामाच्या वेळी थोडी वेदना होणे म्हणजे सांधा झिजणे नव्हे, हे रुग्णेला प्रथमच समजावून सांगावे. भीतीपोटी वर्ग सोडणाऱ्यांची संख्या त्यामुळे घटते.

योगासने उपयुक्त आहेत. तथापि मणका पिचलेल्या अथवा अस्थिघनता फार कमी असलेल्या स्त्रीला पुढे खोल वाकणारी व पिळाची आसने सांगू नयेत. ग्रीष्मात वर्ग पहाटे घ्यावा व श्रम कमी करावेत. पावसाळ्यात निसरडे अंगण टाळून छपराखाली घ्यावा. एकादशी-चतुर्थीच्या उपवासाच्या दिवशी, विशेषतः मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्या स्त्रीला, सौम्य हालचालींखेरीज काही देऊ नये. ग्लानी वा कंप जाणविल्यास त्वरित साखर द्यावी. वाताच्या वयात अभ्यंग अवश्य असावा, पण तेल लावलेल्या तळपायांनी फरशीवर उभे राहणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय. व्यायामाच्या दिवशी तळवे पुसूनच वर्गात यावे, अथवा पादाभ्यंग रात्री करावा.

आहाराविना व्यायाम हा क्षयच वाढवितो. सर्वांना वाढून उरले ते खाणारी आणि रात्री चहा-पोळीवर भागविणारी स्त्री मांसधातू कोठून निर्माण करणार? वृद्धांना शरीराच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे तज्ज्ञगटाने २०१३ साली सुचविले आहे. दूध, ताक, मुगाचे वरण, उसळ, आणि चालत असल्यास अंडी यांतून हे साधावे. वृक्करोगात मात्र प्रमाण तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे.

औषधालयांचा वाटा

औषधविक्रेत्या बंधूंचा येथे मोठा वाटा आहे, कारण रुग्णा आपल्याकडे महिन्यातून एकदा येते, तर औषधालयात अनेकदा जाते. झोपेच्या गोळ्या, सर्दीवरील गुंगी आणणारी औषधे, रक्तदाबाच्या एकाहून अधिक गोळ्या यांमुळे वृद्धांचा तोल जातो. अशी औषधे वृद्ध स्त्रीसाठी नेली जात असतील, तर "चक्कर येते का? अलीकडे पडणे झाले का?" एवढे विचारून चिकित्सकाकडे पाठवावे. वेदनाशामक गोळ्यांची पट्टी चिठ्ठीविना वारंवार नेणाऱ्या आजींना हाच प्रश्न विचारावा. तेलाची बाटली देताना तळव्यांची सूचना सांगावी आणि परिसरातील वर्गाची वेळ लिहिलेला कागद दर्शनी भागात लावावा. औषधाची विक्री यामुळे घटण्याचे भय नको. चालती-फिरती रुग्णाच आपल्या दारापर्यंत येऊ शकते.

उपसंहार

व्यायामाने वार्धक्य टळत नाही, मोडलेले सांधे पूर्ववत होत नाहीत आणि केवळ त्याने वजनही फारसे उतरत नाही. परंतु स्वतःचे स्वतः उठणे, न्हाणीघरात जाणे, जिना चढून गच्चीवर वाळवण घालणे, लेकीच्या घरी एकटीने जाणे, हे स्वातंत्र्य काही वर्षे अधिक टिकते. वृद्ध स्त्री वैद्याकडे खरे तर हेच मागावयास येते, "कोणावर भार होऊ नये" या शब्दांत.

म्हणून प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरात एक वर्ग सुरू करावा किंवा चालू असलेल्या वर्गाशी जोडून घ्यावे. आरंभी वरील तीन परीक्षणांची नोंद ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. आपल्याच वहीतील ते आकडे आपणांस व रुग्णेस अधिक पटतील. आणि पुढच्या वेळी दाराशी थांबून तिने "चालू की बसू?" असे विचारले, तर उत्तर घाईत देऊ नये. तिला पुन्हा खुर्चीत बसवावे, हात छातीवर दुमडण्यास सांगावे आणि घड्याळ हाती घ्यावे. उत्तर तेथून सुरू होते.